सौंदर्यस्पर्धांतील विजेत्या तरुणींचे सामाजिक कार्य : स्वरूप, यंत्रणा आणि मर्यादा

सारांश :
सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या तरुणीने वर्षभर रुग्णालये, शाळा, अनाथालये व निधिसंकलनाचे कार्यक्रम यांना भेटी द्याव्यात, ही प्रथा आता स्पर्धांच्या नियमांचाच भाग झाली आहे. प्रस्तुत लेखात ही प्रथा कशी निर्माण झाली, ती प्रत्यक्षात कशी चालते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, यांचे अमेरिका, ब्रिटन व भारत येथील उदाहरणांच्या आधारे विवेचन केले आहे. शेवटी महाविद्यालयीन सेवाकार्याच्या संदर्भात या प्रथेपासून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : सौंदर्यस्पर्धा, स्वयंसेवा, दातृत्व, प्रसिद्धी, राष्ट्रीय सेवा योजना

१. प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाच्या दशकात सौंदर्यस्पर्धा हा भारतीय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातील विषय झाला. १९९४ मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय, १९९७ मध्ये डायना हेडन, १९९९ मध्ये युक्ता मुखी आणि २००० मध्ये लारा दत्ता व प्रियांका चोप्रा यांना जागतिक किताब मिळाले. या यशाबरोबरच टीकाही वाढली. १९९६ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या विश्वसुंदरी स्पर्धेस स्त्रीवादी संघटना आणि संस्कृतिरक्षणाचा आग्रह धरणाऱ्या संघटना या दोहोंनी, परस्परविरोधी भूमिकांतून, विरोध केला. अशा टीकेला स्पर्धांचे आयोजक जे उत्तर देतात त्यात समाजसेवेला मोठे स्थान असते. ही तरुणी केवळ सुंदर नाही, ती गरजूंसाठी कार्य करणार आहे, असे सांगितले जाते. हे उत्तर कितपत खरे आहे, याची तपासणी क्वचितच होते. समर्थक छायाचित्रांवर समाधान मानतात आणि टीकाकार सारेच ढोंग म्हणून बाजूला सारतात. वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘मिस अमेरिका’ स्पर्धेचा उगम १९२१ मध्ये अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात झाला. उन्हाळी पर्यटनाचा हंगाम लांबवावा, हा त्यामागील व्यापारी हेतू होता. समाजसेवेचा त्यात मागमूसही नव्हता. १९४५ मध्ये या स्पर्धेत प्रथमच शिष्यवृत्ती देण्यात आली आणि ती बेस मायरसन या पदवीधर तरुणीस मिळाली. मायरसन ज्यू होत्या. विजेतीचा दौरा सुरू झाल्यावर ज्यूंविषयीच्या पूर्वग्रहाचा त्यांना ठिकठिकाणी अनुभव आला. तेव्हा त्यांनी नियोजित दौरा आवरता घेतला आणि ज्यूविरोधी द्वेषाच्या प्रतिकारासाठी कार्य करणाऱ्या ‘अँटी डिफेमेशन लीग’ या संस्थेच्या वतीने शाळाशाळांतून व्याख्याने दिली. येथे सेवेचा विषय कोणी नेमून दिलेला नव्हता. तो मुकुट मिळाल्यावर भोगाव्या लागलेल्या अपमानातून आला होता.

‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा एरिक मोर्ले यांनी १९५१ मध्ये लंडन येथे सुरू केली. तिच्यातील ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ म्हणजे ‘सहेतुक सौंदर्य’ हा उपक्रम ज्युलिया मोर्ले यांनी १९७२ मध्ये सुरू केला. हा काळ लक्षणीय आहे. त्याआधी दोनच वर्षे, १९७० मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्पर्धेत स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्यांनी पिठाच्या पुड्या फेकून सोहळा उधळला होता. सेवाकार्याचा उपक्रम हा केवळ त्या निदर्शनांचा परिणाम होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र स्पर्धेला नैतिक अधिष्ठानाची गरज ज्या काळात तीव्रतेने भासू लागली, त्याच काळात तो आकारास आला, एवढे निश्चित म्हणता येते.

३. वैकल्पिक सेवेकडून अनिवार्य सेवेकडे

‘मिस अमेरिका’ स्पर्धेत १९८९ पासून प्रत्येक स्पर्धक तरुणीने एक सामाजिक विषय निवडणे अनिवार्य झाले. या बदलाची प्रेरणा १९८८ च्या विजेत्या के लानी रे राफ्को यांच्या कार्यात होती, असे मानले जाते. राफ्को व्यवसायाने परिचारिका होत्या आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेविषयी त्या आस्थेने बोलत असत. एका परिचारिकेने आपल्या व्यवसायातून सहज केलेली गोष्ट पुढे सर्वांसाठी नियम झाली.

या नियमाचे काही चांगले परिणाम झाले. १९९३ च्या विजेत्या लिअँझा कॉर्नेट यांनी एड्स हा विषय निवडला. त्या रोगाचा उच्चारही सभ्य समाजात टाळला जात असताना, मुकुटधारी तरुणीने तो शाळांमध्ये करणे यास निश्चित मूल्य होते. १९९९ च्या विजेत्या निकोल जॉन्सन स्वतः मधुमेही होत्या आणि त्यांनी त्याच आजाराविषयी जागृती केली. विषय आणि व्यक्तीचे जीवन यांची सांगड जुळली की वाणीला अधिकार प्राप्त होतो, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु या विषयावर खरा अधिकार कोणाचा, हा प्रश्न २००२ मध्ये उपस्थित झाला. त्या वर्षी मुकुट मिळालेल्या एरिका हॅरोल्ड यांनी आधी लैंगिक संयमाविषयी कार्य केले होते. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा विषय मात्र तरुणांतील हिंसा व दादागिरी यांचा प्रतिबंध असा ठरला. पहिल्या विषयावर बोलू नये, असा स्पर्धेच्या व्यवस्थापनाचा दबाव असल्याचे त्यांनी वार्ताहरांसमोर उघड केले. पुढे तडजोड झाली. त्यांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट या प्रसंगाने स्पष्ट केली. विजेतीचा आवाज तिचा एकटीचा नसतो. त्यावर करार, प्रायोजक आणि संस्थेची प्रतिमा यांचाही हक्क सांगितला जातो.

४. कार्याची प्रत्यक्ष यंत्रणा

विजेतीचा कालावधी साधारणतः एक वर्षाचा असतो. या काळात ती आयोजक संस्थेशी कराराने बांधलेली असते. कोठे जायचे, कोणासोबत दिसायचे, काय परिधान करायचे, हे बहुधा संस्था ठरवते. तिच्या सेवाकार्याचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

(अ) उपस्थिती : रुग्णालयातील बालकांची भेट, शाळेतील भाषण, संस्थेचे उद्घाटन.
(आ) निधिसंकलन : भोजनसमारंभ, लिलाव व तत्सम कार्यक्रमांत दात्यांना आकर्षित करणे.
(इ) स्वयंकार्य : तरुणीने स्वतः आखलेला व चालवलेला उपक्रम.

पहिल्या प्रकारात वेळ कमी लागतो आणि प्रसिद्धी अधिक मिळते. तिसऱ्यात याच्या नेमके उलट असते. त्यामुळे स्पर्धेच्या अर्थकारणाचा कल स्वाभाविकपणे पहिल्या दोन प्रकारांकडे राहतो. ‘मिस वर्ल्ड’मध्ये सेवाप्रकल्पास गुण देऊन आणि त्यातील यशस्वी स्पर्धकास पुढील फेरीत थेट प्रवेश देऊन तिसऱ्या प्रकारास उत्तेजन देण्यात आले आहे. मात्र त्यामुळेच एक नवा पेच निर्माण होतो. सेवा हे स्पर्धेत पुढे जाण्याचे साधन झाले, की तिची चित्रफीत तयार करावी लागते, आणि चित्रफितीत सेवेकऱ्याबरोबर सेवा घेणाराही दिसावा लागतो. रुग्ण बालक किंवा निराधार वृद्धा यांच्या संमतीचा प्रश्न येथे उद्भवतो. ज्यांना नाही म्हणणे परवडत नाही, त्यांचे होकार कितपत मोकळे मानावेत?

५. भारतीय संदर्भ

भारताच्या बाबतीत पहिले उदाहरण मुंबई व गोवा यांच्याशी निगडित आहे. मूळ गोमंतकीय कुटुंबातील आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी रीटा फारिया या १९६६ मध्ये ‘मिस वर्ल्ड’ किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विनोदी अभिनेते बॉब होप यांच्या पथकाबरोबर त्या व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांच्या मनोरंजनासाठी गेल्या. आयोजकांच्या दृष्टीने घरापासून दूर असलेल्या सैनिकांना दिलासा देणे ही सेवाच होती. भारतात मात्र त्यावर टीका झाली, कारण एका भारतीय तरुणीची उपस्थिती त्या युद्धाच्या समर्थनासारखी दिसत होती. सेवाभेट राजकारणापासून अलिप्त असते, हा समज किती भाबडा आहे ते यावरून लक्षात येते. वर्ष संपल्यावर फारिया यांनी झगमगाटाचे क्षेत्र नाकारले, लंडन येथे वैद्यकीय शिक्षण पुढे नेले आणि आयुष्यभर डॉक्टर म्हणून काम केले. त्यांची दीर्घ सेवा मुकुट उतरवल्यानंतरची आहे.

दुसरे उदाहरण मधू सप्रे या मराठी तरुणीचे आहे. १९९२ मध्ये बँकॉक येथील ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत, देशाचे नेतृत्व मिळाल्यास प्रथम काय कराल, या अर्थाचा प्रश्न विचारण्यात आला. स्वतः क्रीडापटू असलेल्या सप्रे यांनी उत्तम क्रीडासंकुल उभारण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांना तिसरे स्थान मिळाले आणि या उत्तरामुळेच मुकुट हुकला, असे त्यानंतर सतत बोलले गेले. परीक्षकांच्या मनात काय होते ते सांगता येणार नाही. परंतु त्यानंतर झालेली चर्चा बोलकी आहे. गरीब देशातून आलेल्या तरुणीने गरिबीविषयीच बोलले पाहिजे, अशी अपेक्षा तिच्यात अध्याहृत होती. त्या स्पर्धेच्या विजेत्या, नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांनी मात्र आपल्या देशातील वंचित बालकांसाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि मुकुटाचे वर्ष संपल्यानंतरही ते कार्य टिकले. ज्या यंत्रणेत ठरावीक साच्याच्या उत्तराची अपेक्षा धरली जाते, त्याच यंत्रणेतून टिकाऊ कार्यही उभे राहू शकते, हे मान्य करावे लागते.

तिसरे उदाहरण २०१७ चे आहे. हरियाणातील वैद्यकीय विद्यार्थिनी मानुषी छिल्लर यांनी मासिक पाळीतील स्वच्छता हा विषय घेऊन ‘शक्ती’ नावाचा प्रकल्प केला. ‘मिस वर्ल्ड’ किताबाबरोबरच सेवाप्रकल्पाच्या संयुक्त विजेत्यांमध्येही त्यांचा समावेश होता. विषयाची निवड धैर्याची होती, कारण या गोष्टीवर घरातही कुजबुजतच बोलले जाते. तथापि या क्षेत्रातील कार्य आधीपासून सुरू होते. तामिळनाडूचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी अल्प किमतीचे सॅनिटरी पॅड तयार करण्याचे यंत्र विकसित केले होते. केंद्र शासनाने २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी योजना सुरू करून पॅड घरोघर पोहोचवण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे सोपवले होते. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला, त्यामागे अनेक महिला संघटनांचा पाठपुरावा होता. विजेतीचे योगदान या दीर्घ साखळीतील एका कडीचे आहे. तिने विषयाला व्यासपीठ दिले. पाड्यावर चालत जाणारी आशाताई मात्र त्या व्यासपीठावर क्वचितच दिसली.

६. मूल्यमापन

उपरोक्त उदाहरणांवरून सेवाकार्याची पारख करण्यासाठी चार प्रश्न निश्चित करता येतात. पहिला, हे कार्य मुकुटाच्या आधीपासून होते काय? दुसरा, गरज कोणी ठरवली, सेवा घेणाऱ्यांनी की आयोजकांनी? तिसरा, प्रसिद्धीत सेवा घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा व संमतीचा विचार झाला काय? चौथा, वर्ष संपल्यावर ते कार्य कोण चालवते?

महाराष्ट्राला या कसोट्या परक्या नाहीत. संत गाडगेबाबा गावात शिरताच हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि कीर्तनाला त्यानंतर उभे राहत. कृती आधी आणि व्यासपीठ नंतर, असा तो क्रम होता. सौंदर्यस्पर्धेत व्यासपीठ आधी मिळते. त्यामुळे कृतीने नंतर त्याची भरपाई करावी लागते आणि त्यासाठी हाती केवळ एक वर्ष असते.

असे असले तरी या तरुणींना सरसकट दोष देणे न्याय्य ठरत नाही. बहुतांश विजेत्या विशीच्या आतबाहेरच्या असतात. करार त्यांनी लिहिलेला नसतो. २०१९ मध्ये ‘मिस इंग्लंड’ झालेल्या, कोलकात्यात जन्मलेल्या डॉ. भाषा मुखर्जी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२० च्या आरंभी त्या किताबाच्या निमित्ताने भारतात सेवाभेटींवर होत्या. करोनाची साथ पसरताच त्या ब्रिटनला परतल्या आणि मुकुट बाजूस ठेवून पुन्हा रुग्णालयात रुजू झाल्या. आपली अधिक गरज कोठे आहे, हे त्यांनी स्वतः ओळखले. हा विवेक कोणत्याही नियमावलीतून येत नाही.

७. महाविद्यालयीन सेवाकार्याशी संबंध

हा विषय प्राध्यापकवर्गास दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो जवळचा आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, असा तिचा सर्वसाधारण आराखडा राहिला. येथेही तास मोजले जातात, प्रमाणपत्र मिळते आणि सवलतीच्या गुणांचा मोह असतो. वृक्षारोपणाच्या एका खड्ड्याभोवती दहा जण हात लावून उभे असलेले छायाचित्र महाविद्यालयांच्या अहवालांत अपरिचित नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी कोणी घातले, याची नोंद अहवालात नसते. तेव्हा मुकुटधारी तरुणीला विचारलेले चारही प्रश्न आपल्या शिबिरांनाही तितकेच लागू पडतात.

यातून काही व्यवहार्य सूचना करता येतील. दत्तक गाव दरवर्षी न बदलता किमान पाच वर्षे एकच ठेवावे. शिबिरापूर्वी ग्रामस्थांशी चर्चा करून कामाची निवड त्यांच्याकडून व्हावी. रुग्ण व बालके यांची छायाचित्रे संमतीविना घेऊ नयेत. अहवालात मागील वर्षीच्या कामाची सद्यःस्थिती नोंदवण्यासाठी स्वतंत्र पान असावे.

८. निष्कर्ष

१) सौंदर्यस्पर्धांतील सेवाकार्य व्यक्तिगत प्रेरणेतून सुरू झाले आणि क्रमाने नियमात रूपांतरित झाले.
२) त्याचे सर्वांत मोठे मूल्य दुर्लक्षित विषयांना वाचा फोडण्यात आहे. प्रत्यक्ष सेवेच्या बाबतीत त्याचा वाटा मर्यादित आहे.
३) करार, प्रायोजक आणि एका वर्षाची मुदत या त्याच्या अंगभूत मर्यादा आहेत.
४) ज्यांच्या जीवनाशी वा व्यवसायाशी विषय निगडित होता, त्यांचे कार्य अधिक अर्थपूर्ण ठरले. रीटा फारिया व भाषा मुखर्जी या दोघी डॉक्टर होत्या, ही बाब म्हणूनच महत्त्वाची आहे.
५) सेवा अनिवार्य करता येते, आस्था अनिवार्य करता येत नाही. सौंदर्यस्पर्धेइतकेच हे महाविद्यालयालाही लागू आहे. विद्यार्थ्याला सेवेची संधी देणे आणि त्या संधीत टिकून राहण्यास साहाय्य करणे, एवढे मात्र शिक्षकाच्या हाती निश्चितच आहे.