हरिपाठ तोंडपाठ की मोबाइलमध्ये?

गोडदेवहून भाईंदर स्टेशन गाठून चर्चगेट लोकल पकडणाऱ्याला हरिपाठ आता पाठ असावा लागत नाही. मोबाइलवर बोटाने सरकवला की पुढचा अभंग हजर. सोय उत्तमच, पण मेंदू तिची दखल घेतो. मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो यांच्या 2011 मधल्या प्रयोगांत, माहिती संगणकात जपून राहणार आहे असं वाटणाऱ्यांना ती कमी आठवली. उलट 2016 च्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं वेदपठण केलेल्या 21 पंडितांच्या उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीच्या केंद्रात, करड्या द्रव्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. (अर्थात, कारण पठणच, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.)

कुणी म्हणेल, पोथी हेही तंत्रज्ञानच की! खरंय. पाठभेद शिरले म्हणून तर एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण पोथीचं पारायण होतं, मोबाइलमधल्या मजकुराचं क्वचितच. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं, की पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेला मजकूर आठवड्यानंतर जास्त टिकतो. टाळकरी नेमकं हेच करतात: हात टाळांत गुंतलेले, चरण अडला की शेजारचा उचलून धरतो. स्क्रीनवर अडायची वेळच येत नाही, आणि माझ्या मते चिंतनाला जागा मिळते ती त्या अडण्यातच. अर्थ, पाठभेद शोधायला मोबाइल खुशाल उघडावा; चरण आठवून झाल्यावर.