टी-शर्टवरचं चित्र टिकतं कसं?

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलच्या रूमारूमांत टी-शर्ट रंगवायची धांदल उडते. आणि पहिल्याच धुण्यात चित्र बादलीत! असं का होतं?

नांदेडकडच्या पोरांना कापूस नवा नाही. इथल्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेलं 'नांदेड-४४' हे संकरित वाण राज्याबाहेरही पोचलं. कापसाचा तंतू म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. तो पाणी पितो, पण रंगाच्या कणांना स्वतःहून धरत नाही. त्यांना धरतो तो रंगातला बाइंडर. पोस्टर कलरमध्ये बाइंडर म्हणून डिंक असतो. तो पाण्यात विरघळतो आणि चित्र वाहून जातं. फॅब्रिक कलरमध्ये अ‍ॅक्रिलिक असतं. वाळल्यावर त्याचा लवचिक पापुद्रा तंतूंना घट्ट बिलगतो.

आता कृती. नवा टी-शर्ट आधी धुवा. खळ निघते आणि आटायचा तेवढा आटतो. आत पुठ्ठा घाला, नाहीतर रंग पाठीमागे उतरेल. थर पातळ द्या. होजिअरीचं कापड ताणलं जातं, त्यामुळे जाड थराला तडे जातात. म्हणूनच वारलीच्या बारीक पांढऱ्या रेषा टी-शर्टवर शोभतात आणि टिकतातही. एक दिवस वाळवा, मग उलट बाजूने सुती कापडाच्या सेटिंगवर इस्त्री फिरवा. उष्णतेने रंग पक्का होतो. पुढे दोन-तीन दिवस थांबूनच धुवा, तेही उलटा करून, थंड पाण्यात.

छापील टी-शर्ट बाजारात ढिगाने मिळतात. आपल्या बॅचचं चित्र मात्र एकच असतं. ते फायनल इयरपर्यंत अंगावर राहावं असं वाटत असेल, तर एवढी मेहनत घ्याच!