कापूस, कार्बनची नळी आणि बोअरचं पाणी

आज आपण एका फार बारीक नळीबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात करू आपल्या परभणीच्या कापसापासून. जिनिंगमधून आलेली रुई पाण्यावर टाकली तर बराच वेळ तरंगते. दवाखान्यातला कापूस मात्र लगेच पाणी पितो. कापूस तोच, पण रुईच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. तो कॉस्टिक सोड्यात उकळून काढला की पाण्याशी मैत्री होते. म्हणजे बघा, सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे.

कार्बन नॅनोट्यूबचंही तसंच आहे. १९९१ साली सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे या नळ्यांकडे जगाचं लक्ष गेलं. एकेरी भिंतीच्या नळीचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर असतो. भिंतीत नुसती कार्बनची षटकोनी जाळी. तिच्याशी पाण्याला हायड्रोजन बंध जोडता येत नाहीत, म्हणून पाण्यात टाकलेल्या नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात.

यावर उपाय काय? नळ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवतात. टोकांवर आणि भिंतीतल्या दोषांवर कार्बॉक्सिल गट तयार होतात. पाण्यात हे गट हायड्रोजन आयन सोडतात आणि ऋणभारित होतात. आता सगळ्याच नळ्या ऋण, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. पाणी शाईसारखं काळं दिसतं, पण गाळ बसत नाही.

आता हेच मिश्रण आपल्या बोअरच्या पाण्यात करून बघू. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा. त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. साबणाला फेस येत नाही तो त्यामुळेच. कॅल्शियमवर दोन धन भार. तो नळ्यांचा ऋण भार झाकतो, दोन नळ्यांना पुलासारखा जोडतोही. मग दूध फाटावं तसं मिश्रण फाटतं आणि नळ्या तळाशी बसतात.

याच ओढीमुळे असे गट पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम पकडतात. पण जड पाण्यात कॅल्शियम कितीतरी जास्त असतं, आणि तेही त्याच जागा अडवतं. नायट्रेट, फ्लोराइड तर स्वतःच ऋण. त्यांच्यासाठी अमाइनसारखे धनभार घेणारे गट लागतात. शिवाय नळ्या गाळणीत पक्क्या बसवाव्या लागतात. सुट्या नळ्या पिण्याच्या पाण्यात जाता कामा नयेत.

म्हणून उद्या कोणी नॅनो फिल्टर विकायला आला, तर आपण एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा डिस्टिल्ड वॉटरमधला, की आमच्या बोअरच्या पाण्यातला?