घरची इलेक्ट्रिक गिटार (भाग ४) : कारखान्यात राहून गेलेलं काम

गिटार विकत घेताना काय तपासावं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता ती घरी आली आहे असं धरून चालू. दहा-पंधरा हजारांची, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, तीन पिकअपची. दुकानात बरी वाटली होती. घरी मात्र तिच्या फ्रेटची टोकं बोटांना टोचतात, दोन गाण्यांत ती सुरातून उतरते आणि ॲम्पला जोडली की आपण काही न वाजवताही गुणगुणत राहते. अशा वेळी बहुतेक जण दोन-चार व्हिडिओ पाहून थेट नवे पिकअप मागवतात. पैसे वाया घालवण्याचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

स्वस्त गिटारमध्ये काटकसर कुठे झालेली असते, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. बॉडी आणि नेक हल्ली संगणकाच्या तालावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात. त्या यंत्राला गिटारची किंमत ठाऊक नसते. स्वस्त नेकही ते बरोबर मापात कापतं. लाकूड साधं असतं, ब्रिजचा ठोकळा पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, हे खरं. पण खरी कात्री लागते ती माणसाच्या हाताला. नटच्या खाचा हव्या तेवढ्या खोल करणं, फ्रेटची टोकं घासणं, नेकचा बाक जुळवणं, हे सगळं यंत्रातून उतरलेल्या गिटारवर कुणीतरी निवांत बसून करायचं काम. ती मजुरी त्या किमतीत बसत नाही, म्हणून ते राहून जातं. ते आपल्याला करता येतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक कामाला एक पैसाही लागत नाही.

हे घरी जमतं याचं श्रेय लिओ फेंडर यांना द्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्याने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या गिटारचा नेक बॉडीला चिकटवलेला नसतो, स्क्रूंनी आवळलेला असतो. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर पिकअप, व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पॉट आणि स्विच असा सगळा संसार एकाच पिकगार्डवर बसवलेला. पिकगार्ड उचललं की सगळं हातात. १९७० साली गिटारवादक एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात उचलल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली. तिचं नाव ‘ब्लॅकी’. २००४ च्या लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेताना अपराधी वाटायचं कारण नाही.

सुरुवात नटपासून करा. नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती आडवी पट्टी म्हणजे नट. स्वस्त गिटारमध्ये ती प्लॅस्टिकची, बऱ्याचदा आतून पोकळ असते आणि तिच्या खाचा जवळजवळ नेहमीच उथळ ठेवलेल्या असतात. कारखान्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे, कारण खाच जास्त खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर आपटून झणझणते आणि गिटार परत येते. उथळ खाचेची तक्रार घेऊन कुणी परत येत नाही; बिचारा नवशिका आपल्याच बोटांना दोष देतो. एफ कॉर्ड लागत नाही म्हणून गिटार सोडून देणारी कितीतरी मुलं असतात. त्यांच्यातल्या अनेकांची बोटं ठीक होती, नट उंच होता, असं माझं ठाम मत आहे. नट उंच असला की पहिल्या तीन फ्रेटवरच्या कॉर्ड दाबायला जड जातात, आणि तार जास्त ताणली जाऊन थोड्या चढ्याही वाजतात.

तपासणी सोपी आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर ती किती वर राहते ते पाहा. कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर खाच उथळ आहे. खाचा कोरायच्या खास कानशी महाग असतात. गॅस वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात नोझल साफ करायच्या बारीक खरखरीत तारांचा संच अगदी स्वस्तात मिळतो, त्यातली तारेच्या जाडीची काडी निवडली की काम होतं. दोन-चार हात फिरवायचे, तार बसवून पाहायची, पुन्हा दोन हात. काडी किंचित हेडस्टॉकच्या बाजूला उतरती धरायची, म्हणजे तारेचा टेकू नटच्या पुढच्या कडेवर येतो. घाई झाली आणि खाच खोल गेली तरी आकाश कोसळत नाही. खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरा, वर सुपरग्लूचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं आणि पुन्हा कोरता येतं. पुढेमागे हाडाचा नट बसवलात तर उत्तमच, पण नीट कोरलेलं प्लॅस्टिक हे न कोरलेल्या हाडापेक्षा बरं.

सुरातून उतरण्याचं खापरही सहसा खुंट्यांवर फुटतं, आणि तेही बऱ्याचदा चुकीचं असतं. खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे ठेवा आणि नवी तार चढवल्यावर ती हाताने हलके ओढून तिचा ढिलेपणा काढा. ट्रेमोलोचा दांडा वापरत नसाल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगची पकड आवळा, म्हणजे ब्रिज बॉडीवर सपाट बसेल. एवढं करूनही सूर टिकला नाही, तर मग नव्या खुंट्या.

आता नेक. तारा सतत ओढत असतात, म्हणून नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट मोजा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. त्यासाठी लागणारं फीलर गेज स्कूटर दुरुस्तीच्या कुठल्याही गॅरेजमध्ये पाहायला मिळेल. फट जास्त असेल तर एलन-की घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि जोर लावावा लागला तर तिथेच थांबायचं. आपल्याकडे मे महिना आणि आषाढ यांच्यात हवेचा ओलावा इतका बदलतो, की वर्षातून दोनदा तरी हे पाहावंच लागतं. त्यानंतर ब्रिजवर तार जिच्यावर टेकते त्या सॅडलचे छोटे स्क्रू फिरवून तारांची उंची लावा; सतराव्या फ्रेटवर साधारण १.६ मिलिमीटर ही फेंडर कंपनीची नेहमीची शिफारस आहे. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. क्रम मात्र हाच ठेवायचा: नेक, उंची, मग सॅडल. उलटा धराल तर पुन्हापुन्हा तेच करत बसाल.

फ्रेटची टोकं टोचतात, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि धातू जिथल्या तिथे राहतो. फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं गोल करायची. माथे चमकवायला पोलादी लोकर वापरणार असाल तर पिकअपही टेपने पूर्ण झाका, नाहीतर लोहचुंबक तिचे तुसे ओढून घेतं आणि ते निघता निघत नाहीत. फ्रेटचे माथेच खालीवर असतील तर ते काम कारागिराचं.

लाकडावरून आठवलं. पूर्वी या फिंगरबोर्डला शिसवी सर्रास वापरली जाई. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, पण तोवर स्क्वायरसारख्या फेंडरच्या स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ दिसू लागलं होतं. हे परदेशी वाटणारं नाव म्हणजे आपला ऐन. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेला, विदर्भात ज्याच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसतात तो. हा फिंगरबोर्ड कोरडा, फिकट दिसायला लागला तर खनिज तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल मात्र नको, ते कालांतराने खवट होतं. आणि वर लॅकरचा हात दिलेल्या मेपलला कुठलंच तेल लागत नाही.

इथवर आलात तर गिटार निम्मी बदललेली असेल. आता तिच्या पोटात शिरू. पण पिकगार्ड काढण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा: पिकअपची उंची बदला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या खांबापासून मोजा. जाड तारेकडे दोन मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दीडच्या किंचित वर, इथून सुरुवात करावी. फार जवळ आलेलं चुंबक तारेला खेचतं आणि जाड तारांचा सूर डळमळतो.

गुणगुणण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे ट्यूबलाइट, मोबाइल चार्जर, डिमर यांच्यामुळे येणारी खरखर. बॉडीतल्या खोबणीला आणि पिकगार्डच्या मागच्या बाजूला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की ही बरीच कमी होते. पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांना विजेने जोडले गेलेत ना, हे मल्टिमीटर लावून पाहायचं. दुसरी म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घुमणारी भुणभुण. ती ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट पिकअपच्या वेटोळ्यात शिरते आणि तांब्याला दाद देत नाही. तिच्यावर उतारा म्हणजे उलट गुंडाळलेला मधला पिकअप. पाचांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर स्विच नेल्यावर भुणभुण थांबत असेल, तर तो तुमच्या गिटारमध्ये आधीपासून आहे.

सोल्डरिंगचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळून जाईल. आधी मोबाइलवर सगळ्या जोडण्यांचे फोटो काढून ठेवा. पॉटच्या पाठीला डाख देताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. पाठ तापेपर्यंत आतून पॉट भाजून निघतो. ४० वॅट किंवा त्याहून जास्तीचं घ्या आणि झटकन काम उरका. पॉट खरखरत असेल तर बदलण्याआधी त्यात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पाहा. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज कोंदट होत असेल तर व्हॉल्यूमच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. चहाच्या पैशांत होणारी ही सुधारणा मला सगळ्यात लाडकी आहे. टोनच्या कपॅसिटरसाठी मात्र ‘जुन्या काळातले’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. फरक पडतो तो आकड्याने: ‘४७३’ लिहिलेला जास्त कोंदट, ‘२२३’ लिहिलेला कमी. किमतीने पडणारा फरक ऐकू येणारे कान मी अजून पाहिलेले नाहीत.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. गिटारच्या आत धोक्याची वीज नसते, पण तिच्या तारा ब्रिजमधून आणि केबलमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये दोष असेल आणि घरात अर्थिंग नसेल, तर तीच वीज तारांवर येऊ शकते. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेला. अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. जुन्या इमारतींत, मंडपांत तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून काम भागवलेलं दिसतं. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि आता ते पिकअप. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा लोखंडी खांब आणि त्यांच्या तळाला चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. महागात खांबच ॲल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेल्या चुंबकाचे. फरक ऐकू येतो, नाकारत नाही. पण तो वरची सगळी कामं झाल्यावरच ऐकू येतो. शिवाय मागवण्याआधी मोजपट्टी लावा, कारण मूळ आराखडा इंचांत आणि आशियातल्या कारखान्याचं माप मिलिमीटरमध्ये असा घोळ इथे नेहमी होतो. अनेक स्वस्त ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ५२.५ मिलिमीटर असतं, जुन्या अमेरिकी मापात ते ५६ च्या वर जातं. बॉडी पातळ असेल तर पोलादी ब्रिजचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो. पिकगार्डची भोकं जुळत नाहीत, नॉब पॉटच्या दांड्यावर बसत नाही. वस्तू परत पाठवण्याचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने फार जाचक होतो.

रंग, स्टिकर, नवं पिकगार्ड हा ज्याच्या त्याच्या हौसेचा मामला. त्यात मी पडत नाही. फक्त नेकच्या मागचा भाग रंगवू नका, घामाने हात चिकटतो.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी स्क्रूसुद्धा, नाव लिहिलेल्या पिशवीत जपून ठेवा. स्वस्त गिटारमध्ये घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. घेणारा मूळ सामान आहे का तेवढं विचारतो. नवे पिकअप घ्यायला निघालाच असाल तर आठवडाभर थांबा. पुढच्या भागात ॲम्प आणि त्याच्या स्पीकरबद्दल लिहिणार आहे, आणि ते पैसे तिकडे लावावेत असं माझं मत आहे.