वजनानं घट्ट होणारी खुर्ची

घडीची व्हीलचेअर उघडताना एकदा लक्ष देऊन बघा. भिंतीला टेकवलेली असते तेव्हा तिची रुंदी जेमतेम फूटभर. दोन्ही बाजूंच्या चौकटी हातानं जराशा फाकवायच्या, मग बैठकीच्या दोन कडांच्या नळ्यांवर तळहात ठेवून खाली दाबायचं. बोटं आतल्या बाजूला वळवून ठेवायची, नाहीतर नळी आणि चौकट यांच्यात चिमटलीच समजा. खट् असा आवाज येतो आणि खुर्ची तयार. साध्या घडीच्या खुर्चीत बहुधा खिट्टी नसते, कडी नसते, घट्ट करायचा स्क्रू नसतो. तरीही साठ-सत्तर किलोंचा माणूस बसला की ती मिटत नाही. का बरं मिटत नाही?

उत्तर बैठकीच्या खाली दिसतं. तिथे दोन नळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून जातात आणि मधोमध एका बोल्टनं जोडलेल्या असतात. प्रत्येक नळीचं खालचं टोक एका बाजूच्या चौकटीला बिजागरीसारखं अडकवलेलं असतं, तर वरचं टोक पलीकडच्या बाजूला जाऊन बैठकीची कड उचलून धरतं. या दोन कडांमध्ये कापड ताणलेलं. माणूस बसला की वजन वरच्या टोकांना खाली दाबतं, फुली पसरट व्हायला बघते आणि दोन्ही चौकटी बाहेर ढकलल्या जातात. कापड पुरतं ताणलं गेलं आणि कडेच्या नळ्या आपापल्या खोबणीत बसल्या की हालचाल थांबते. जे वजन खुर्चीला पेलायचं आहे, तेच वजन तिला उघडं ठेवतं. रिकामी खुर्ची लहान मूलही बैठकीचं कापड मधोमध वर ओढून मिटवू शकेल. माणूस बसलेला असताना मात्र कुणा पैलवानालाही ते जमायचं नाही.

म्हणजे या यंत्राचा शेवटचा भाग दुकानात मिळतच नाही. तो भाग म्हणजे बसणारा माणूस. खुर्ची निवडताना हे ध्यानात ठेवलं तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात.

ही फुली आली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकेतले खाण अभियंता. १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्यांच्या पाठीचा कणा मोडला. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या म्हणजे अवजड फर्निचरच. मोटारीत घालून कुठे नेण्याची सोय नव्हती, त्यामुळे खुर्ची घरात आणि माणूसही घरात. एव्हरेस्ट यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांत्रिकी अभियंता होते. दोघांनी मिळून १९३३ मध्ये लॉस एंजेलिसला पोलादी नळ्यांची, फुलीवर मिटणारी खुर्ची बनवली आणि १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आज आपल्याकडच्या इस्पितळांत आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणाऱ्या घडीच्या खुर्च्यांत तीच रचना आहे. नव्वद वर्षं झाली, तरी फुलीचं गणित बदललेलं नाही.

वजन मात्र फार वर्षं तसंच राहिलं. क्रोमचा मुलामा दिलेली ती पोलादी खुर्ची वीस किलोंच्या पुढे जायची. एव्हरेस्ट-जेनिंग्ज कंपनीचा बाजारावर इतका ताबा होता की १९७७ मध्ये अमेरिकी सरकारनं तिच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. पुढचं वळण आलं ते आभाळातून. कॅलिफोर्नियातल्या मॅरिलिन हॅमिल्टन १९७८ मध्ये हँग ग्लायडरच्या अपघातात जायबंदी झाल्या. मिळालेली खुर्ची त्यांना असह्य जड वाटली. त्यांचे दोन मित्र हँग ग्लायडर बनवत असत. ज्या ॲल्युमिनिअमच्या नळ्यांवर माणूस हवेत तरंगतो, त्याच नळ्यांची खुर्ची का नको, असा विचार करून तिघांनी एक खुर्ची तयार केली. वजन जुन्या खुर्चीच्या निम्म्याच्या आसपास, आणि रंग हवे तेवढे. तिचं नाव क्विकी. सुरुवातीची खुर्ची घडीची नव्हती, पण लवकरच घडीचीही आली आणि हलक्या खुर्च्यांचं युग सुरू झालं.

हलकी खुर्ची लेचीपेची असणार, अशी शंका येते. ॲल्युमिनिअमचं वजन पोलादाच्या साधारण एकतृतीयांश, पण त्याचा ताठपणाही एकतृतीयांशच. मग फायदा कुठून येतो? नळीच्या जाडीतून. पातळ पत्र्याची नळी घ्या, पत्रा तेवढाच ठेवून व्यास दुप्पट करा. वजन दुप्पट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. हे ॲल्युमिनिअमला लावलं तर जाड नळी पोलादाच्या बारीक नळीच्या दोनतृतीयांश वजनाची होते आणि तिच्यापेक्षा अडीचपटीहून अधिक ताठ भरते. हलक्या खुर्चीच्या नळ्या गुबगुबीत का दिसतात, ते आता कळेल. त्या फुगीरपणातच त्यांची ताकद आहे.

आता खरेदीचा प्रश्न. नेहमीची पोलादी घडीची खुर्ची १७ ते २० किलोंची असते, ॲल्युमिनिअमची १२ ते १४ किलोंची. सहा किलोंचा हा फरक कुणाला जाणवतो? डिकीत खुर्ची उचलून ठेवणाऱ्याला तर फारच. बहुतेक घरांत ते काम पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकोकडे किंवा नवऱ्याकडे असतं आणि त्यांच्या कंबरेचा निकाल या सहा किलोंवर लागतो. सपाटीवर ढकलताना मात्र हिशेब वेगळा. बसणारा ६५ किलोंचा धरा. जड खुर्चीसह ८३ किलो, हलकीसह ७७. फरक जेमतेम सात टक्के.

ढकलणं खरोखर हलकं होतं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. चाक जितकं लहान, तितकं ते रेटायला जड. मागचं चाक २४ इंची आणि पुढचं ८ इंची असेल, तर तेवढ्याच भाराला पुढचं चाक साधारण तिप्पट विरोध करतं. समजा, एकूण शंभर किलोंपैकी ४५ किलो भार पुढच्या चाकांवर आहे. मागचे ५५ आणि पुढच्या ४५ चे तिप्पट १३५, एकूण १९०. आता मागच्या चाकांचा आस थोडा पुढे सरकवला आणि पुढचा भार २५ वर आणला, तर ७५ अधिक ७५, म्हणजे १५०. विरोध पाचव्या हिश्शानं घटला! सहा किलो वजन कमी करून मिळालं त्याच्या तिप्पट, तेही एक ग्रॅमही न घटवता. शिवाय चाक हाताच्या टप्प्यात येतं. हात सैल सोडला की मधल्या बोटाचं टोक आसाजवळ यावं, अशी ती जागा असते. आस पुढे घेतला की खुर्ची मागे कलंडण्याची भीती वाढते, म्हणून मागे आधाराची छोटी चाकं लावून घ्यावीत. स्वस्त खुर्च्यांत आस एकाच जागी पक्का असतो. आस पुढे-मागे करता येतो का, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. जो माणूस स्वतः खुर्ची चालवणार आहे, त्याच्या खांद्यांचं आयुष्य त्यावर ठरतं.

स्वतः चालवणार नसेल, मागून कुणीतरी ढकलणार असेल, तर मागे बारा इंची चाकांची खुर्चीही मिळते. ती आणखी हलकी आणि आटोपशीर. पण तिच्यात बसणारा शेजारच्या टेबलापर्यंतही आपलाआपण जाऊ शकत नाही आणि प्रत्येक उंबरठ्यावर ती अडते. थोडेफार हात चालत असतील, तर एवढ्याशा सोयीसाठी माणसाचं स्वातंत्र्य काढून घेऊ नये.

जाहिरातीतलं वजनही तपासून घ्यावं. काही ठिकाणी ते पायठेवणी आणि मागची चाकं काढून सांगितलेलं असतं. बटण दाबून निघणारी चाकं असतील तर ही सोय खरीच उपयोगाची आहे, कारण चाकं वेगळी आणि चौकट वेगळी उचलता येते. मग डिकी मोजा. आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. माप टाकी धरून उरलेल्या जागेचं घ्यायचं आणि सोबत घडी केलेल्या खुर्चीची लांबी-उंचीही मोजायची. घडीनं रुंदी घटते, बाकी मापं तेवढीच राहतात. मागची चाकं काढली की मात्र लांबीही बरीच कमी होते. रिक्षानं जाणं-येणं असेल तर खुर्ची घेण्याआधी एकदा रिक्षात घालूनच पाहावी.

आरामाच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे खुर्ची ऐसपैस हवी. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकडा होतो, चाकं लांब पडतात आणि खांदे भरून येतात. बसलेल्या स्थितीत कमरेखालची सर्वांत जास्त रुंदी मोजावी आणि बैठक तेवढीच, फार तर इंचभर जास्त घ्यावी. खोली अशी हवी की पाठ टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जावीत. पायठेवणी जास्त उंच असेल तर मांड्या बैठकीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. खाली असेल तर दगडावर, उंबरठ्यावर आपटते. जमिनीपासून पाचेक सेंटिमीटर मोकळी राहील, इतपत ती ठेवावी.

घडी होण्यासाठी बैठक कापडाची असावी लागते आणि कापड कालांतरानं झोळीसारखं लोंबतं. मग मांड्या आत वळतात आणि कंबर एका बाजूला कलते. म्हणून चांगली गादी हा खुर्चीचाच भाग समजावा, वरचा खर्च समजू नये. पाठीच्या कण्याच्या दुखापतीत अनेकदा खालच्या अंगाची संवेदना गेलेली असते, दाब बसतोय हे कळतच नाही, आणि काही तासांत कातडीखाली बेडसोरची सुरुवात होऊ शकते. अशा माणसानं दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून दाब हलका करायचा असतो. गादी फोमची, जेलची की हवेची, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून ठरवावं. आणि बाकीची मापं गादी घालूनच घ्यावीत, कारण दोन-तीन इंचांच्या गादीनं हातांची, पायांची सगळी उंची बदलते.

घराचं मापही यात येतं. खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा साधारण वीस सेंटिमीटर जास्त असते. १८ इंची, म्हणजे ४६ सेंटिमीटर बैठक घेतली की खुर्ची ६६ सेंटिमीटर झाली. आपल्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराचं दार अडीच फुटी असतं, त्यातून चौकट आणि दाराची जाडी वजा करा. बोटांची सालटी निघतात ती इथे. १६ इंची बैठक पुरत असेल तर तेच दार अचानक मोकळं वाटतं. इमारतीच्या दारात १५ सेंटिमीटरची पायरी असेल तर एकास बारा या प्रमाणानं रॅम्प १.८ मीटर लांब हवा. हे सोसायटीच्या सभेत आकड्यांसकट मांडावं.

रस्ते मात्र आपल्या हातात नसतात. इथे फुलीचा आणखी एक गुण कामी येतो. फुलीच्या सांध्यांमुळे चौकट किंचित पिळते, त्यामुळे उंचसखल जमिनीवरही चारही चाकं टेकलेली राहू शकतात. राल्फ हॉचकिस या अमेरिकी अभियंत्यानं खडबडीत रस्त्यांसाठीच खुर्च्या घडवल्या. १९६६ मधल्या मोटरसायकल अपघातापासून ते स्वतः खुर्चीवर. १९८० मध्ये निकाराग्वातल्या व्हीलचेअरवाल्यांसोबत त्यांनी काम सुरू केलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जास्त अंतर असलेली चौकट आणि पुढे रुंद चाकं, म्हणजे खड्ड्यात नाक खुपसून खुर्ची पुढे उलटत नाही. आपल्या गल्लीबोळांसाठी निवड करताना पुढची चाकं फार बारीक आणि चिंचोळी नसावीत, हा धडा त्यातून घ्यावा. मागचे टायर हवेचे असतील तर हादरे कमी बसतात, पण हवा कमी झाली की ब्रेकची पकडही सुटते. हवा तपासणं हे ब्रेक तपासणंच आहे.

आपल्या देशात १९७२ मध्ये स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी अशी साधनं पुरवते आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या ॲडिप योजनेतून ती मिळतात. आयआयटी मद्रासनं २०२५ मध्ये नऊ किलोंची, घडी न होणारी, बसणाऱ्याच्या मापानं घडवलेली खुर्ची आणली. मापानं घडवलेली हा शब्द नऊ किलोंपेक्षा मला मोलाचा वाटतो.

सगळा इतिहास पाहिला तर थक्क व्हायला होतं. १६५५ च्या सुमारास जर्मनीत हातानं चालवायची तीनचाकी बनवणारा घड्याळजी श्टेफान फार्फ्लर स्वतः अपंग होता. एव्हरेस्ट, हॅमिल्टन, हॉचकिस, हे सगळे स्वतः खुर्चीवर बसलेले. कोल्हापूरला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी करणाऱ्या नसीमा हुरजूकही खुर्चीवरूनच काम करत आल्या. या यंत्रातली मोठी उडी दरवेळी बसणाऱ्यानं घेतली, बाजूला उभं राहून पाहणाऱ्यानं नाही. तेव्हा खुर्ची आणायला जाताना दादांना किंवा आईला घरी ठेवून जाऊ नका. त्यांना सोबत न्या, दोन-तीन खुर्च्यांवर प्रत्येकी अर्धा तास बसू द्या, चालवू द्या, दारातून काढू द्या, आणि कुठे टोचतं ते विचारा. निर्णय त्यांचा. ज्यांच्या वजनानं खुर्ची घट्ट उभी राहणार आहे, त्यांच्याच शब्दाला वजन हवं.