अवतरण कुणाचे, कागद कुठे?

संविधान जाळण्याची भाषा खुद्द बाबासाहेबांनीच केली होती, असा संदेश वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाईलवर फिरतो. मग आपले तरुण दोन गटांत विभागले जातात. एक गट म्हणतो, हे मनुवाद्यांनी रचलेले कुभांड! दुसरा खाली मान घालून गप्प बसतो. मूळ कागद दोघांनीही पाहिलेला नसतो.

तो कागद आहे. २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्य विधेयकावर वरिष्ठ सभागृहात (राज्यसभा हे नाव १९५४ साली पडले) बाबासाहेब तसे बोलले होते. संदर्भ होता अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आणि त्यासाठी राज्यपालांना द्यायच्या अधिकारांचा. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना याविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी कारणही सांगितले. देवासाठी मंदिर बांधले, पण देव बसण्याआधीच असुरांनी ते बळकावले, असा त्याचा आशय. संदेश फिरवणारे ही दुसरी तारीख कधीच सांगत नाहीत. आणि आपण 'खोटे, खोटे' म्हणून ओरडलो की वादात आपणच हरतो.

दोन्ही भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पंधराव्या खंडात आहेत. हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. संसदेतील जुनी कामकाजेही आता इंटरनेटवर आहेत. पूर्वी यासाठी मुंबई-दिल्लीच्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागत. आज वस्तीतल्या पोराला तेच दहा मिनिटांत सापडते. मग प्रबंधाच्या तळटीपेत कुठल्यातरी निनावी पानाचा पत्ता कशासाठी?

आम्हा वकिलांना पहिल्या वर्षीच शिकवतात, ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व बदललेले नाही. संशोधकालाही तेच लागू. विकिपीडिया जरूर वाचावा, पण तिथून तळटीपेत जावे, तळटीपेतून मूळ ग्रंथाकडे. 'शोधगंगा'वर हजारो प्रबंध आहेत. त्यांची संदर्भसूची कामाची, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावेत, पीएच.डी. मिळाली म्हणून प्रत्येक ओळ खरी ठरत नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके तर उघड दुकानदारी आहे.

आता यंत्राला विचारून संदर्भ घेण्याची नवी टूम निघाली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर विनामूल्य उघडता येतात. खंड, पान आणि तारीख जुळवायला फार तर पाच मिनिटे लागतात.

मार्गदर्शक प्राध्यापकांनाही एक सांगणे आहे. विद्यार्थ्याने बाबासाहेबांचे वाक्य उद्धृत केले, की खंड आणि पान विचारा. ते सांगता आले नाही तर ते वाक्य कितीही गोड असो, खोडून टाका.