वाटेत सांडणारी वीज

पाट फुटला की पाणी वाटेतच जिरते. पीक तहानलेले राहते. विजेचेही तसेच आहे. वीज तारेतून येते, तेव्हा तार तापते. त्या तापण्यात वीज वाया जाते.

जपानमध्ये टोयोटाच्या गाड्यांचा कारखाना आहे. तेथील ताइची ओनो यांनी एक रीत घालून दिली. काम चालते तिथे जा. वाया काय जाते ते डोळ्यांनी पाहा. ते का जाते, याचे मूळ शोधा. ही रीत विजेलाही लागू पडते.

चला, आपल्या डीपीकडे पाहू. एका डीपीवर पुष्कळ मोटरी असतात. तार लांबवर गेलेली असते. तारेतला प्रवाह दुप्पट झाला, की नासाडी चौपट होते. शेवटच्या मोटरीला दाब पुरत नाही. ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. भार फार झाला तर डीपीही जळते. मग ऐन हंगामात पाणी तुटते.

यावर उपाय आहेत. मोटरीला योग्य कपॅसिटर लावला, तर तारेतला प्रवाह कमी होतो. ऑटो स्विच असले, तर वीज येताच साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. म्हणून ते काढावे. आकडा टाकू नये.

२०१८ साली महाराष्ट्रात उच्चदाब योजना निघाली. तीत ११ हजार व्होल्टची तार शेताजवळ नेली. एका-दोघा शेतकऱ्यांत एक लहान डीपी बसवली. दाब जास्त असला की प्रवाह कमी लागतो. त्यामुळे नासाडीही कमी होते.

कपॅसिटर जाणकाराकडूनच बसवून घ्या. तारेला स्वतः हात लावू नका.